चवीनुसार मीठ

ज्या बाईनं जगात पहिल्यांदा ‘मीठ चवीनुसार’ असं सांगितलं, ती मला एकदा भेटायला हवी. बाभुळगावच्या बसस्टँडवर भेटली तरी चालेल. मी तिला आधी चहा पाजीन, कारण पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय भांडायची आमच्यात पद्धत नाही. मग विचारीन, की बाई, कोणाच्या चवीनुसार?

हा राग आजचा नाही. बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे. त्या वर्षी आमच्या महालक्ष्म्या पहिल्यांदा माझ्या हाती आल्या, आणि मदतीला माझ्या हाती होतं काय, तर माझ्या मुलीचा, निकिताचा मोबाइल.

नीट सांगते. भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग महालक्ष्म्या येतात, दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य असतो आणि सारी भावकी जेवायला असते. आमच्या घरी हे सगळं थोरल्या जाऊबाई करायच्या. विमलताई. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून नैवेद्याचा सैपाक त्यांच्याच हातचा. मी भाज्या चिरायचे, खोबरं किसायचे आणि न्हाणीपाशी बसून गंज, म्हणजे मोठी पातेली, घासायचे. आंबिलीची वेळ झाली की विमलताई सगळ्यांना बाहेर काढायच्या आणि सैपाकघराचं दार आतून लावून घ्यायच्या. आंबील एकटीनंच करायची, तिला नजर लागते, असा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नियम. मी बाहेर बसून त्या बंद दाराकडे बघायचे आणि गंज जरा जास्तच जोरात घासायचे.

बोंडअळीच्या वर्षी दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. भासरे, म्हणजे विमलताईंचे मालक नागोराव, यवतमाळला गेले आणि तिथं त्यांनी किराणा दुकान टाकलं. राहायला माडीवरच्या दोन खोल्या. तिथं महालक्ष्म्या मांडल्या तर भावकीला जिन्यात जेवायला बसवावं लागलं असतं. म्हणून बापूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निकाल दिला. यंदा हंसाच्या घरी करा. सगळं नीट पार पडलं तर महालक्ष्म्या कायमच्या इथंच. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून विमलच्या घरी यवतमाळला, मग जिन्यात जेवावं लागलं तरी चालेल.

हंसा म्हणजे मी. आणि मला त्या हव्या होत्या, उगाच कशाला लपवू? भावकीत मान मिळतो म्हणून हव्या होत्या, हे तर आहेच. पण त्याहून जास्त म्हणजे मला एकदा त्या दाराच्या आत उभं राहायचं होतं. महालक्ष्म्या यवतमाळला गेल्या असत्या तर मी पुन्हा गंज घासायला, आणि तेही एसटीचं तिकीट काढून.

बाकी सैपाकाची मला भीती नव्हती. पुरणपोळी फसली तर तूप तिला सांभाळून घेतं. सोळा भाज्यांच्या भाजीत कोणती कच्ची राहिली, हे खाणाऱ्याला कळायच्या आत दुसरी तोंडात येते. आंबिलीला मात्र लपायला जागा नाही. ज्वारी ओलवून भरडायची, आदल्या दिवशी ताकात भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर लाकडी चाटूनं ढवळत शिजवायची. वरून खोबऱ्याचे काप. ना तिखट, ना मसाला. ताकाचा आंबटपणा आणि मीठ यांचं जुळलं तर ती आंबील, नाहीतर म्हशीपुढं ठेवायचं आंबोण.

आणि ती चाखायची नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखली तर उष्टी झाली. बापूजी याबाबतीत फार कडक. सैपाकघरात कोणी मुद्दाम वास घेतला तरी ते देवाच्या आधी जेवल्यासारखं आहे, असं ओट्यावरून ऐकवायचे. बरं, नैवेद्याच्या पानात वरून मीठही वाढायचं नाही. म्हणजे कमी पडलं तर कमी, जास्त झालं तर जास्त, आणि आरती झाल्यावर पहिला घास बापूजींचा.

तेव्हा पहिला फोन मी विमलताईंनाच केला. होता नव्हता तेवढा गोडवा आवाजात आणला आणि विचारलं, की ताई, मोठ्या गंजाला मीठ किती टाकता? त्या म्हणाल्या, अंदाजानं. अंदाज म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाल्या, की हाताला आपोआप समजतं. मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. मागून गिऱ्हाइकाचा आवाज येत नव्हता, टीव्हीवरच्या मालिकेचा येत होता.

माझ्या माहेरी महालक्ष्म्याच नाहीत, त्यामुळे आईला विचारण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या चंदाबाईंना विचारलं. अंदाजानं. पलीकडच्या गल्लीतल्या दोन घरी विचारलं. अंदाजानं. गावात इतका अंदाज भरून वाहत होता, तर गेल्या साली कापसाच्या वेळी तो कुठं गेला होता, हे मला विचारावंसं वाटलं.

निकिता तेव्हा बारावीत होती. तिनं माझी तगमग पाहिली आणि मोठ्या माणसाच्या सुरात सांगितलं, की आई, मोबाइलवर सगळं असते. मी म्हटलं, दाखव.

पहिली बाई दिसायला छान होती. मागं निळ्या फरशा, ओट्यावर कुंडी. नमस्कार मैत्रिणींनो, म्हणाली. त्यानंतर तिनं महालक्ष्म्यांचा महिमा सांगितला, स्वतःचं लहानपण सांगितलं, तिच्या मिस्टरांना काय आवडतं ते सांगितलं, आणि घंटीचं बटण दाबायला सांगितलं. तोवर आमचं नेटवर्क गेलं. छपरावरच्या टाकीजवळ रेंज येते, म्हणून मी जिना चढून वर गेले. वर पोहोचले तेव्हा ती आंबिलीत साखर घालत होती. मी मोबाइल तिथंच टाकीवर पालथा घातला आणि खाली आले.

दुसरीनं लसणाची फोडणी दिली. नैवेद्याला लसूण! तिसरीची आंबील नाचणीची होती आणि रोज सकाळी प्यायलं की पोट उतरतं म्हणत होती. महालक्ष्म्यांचं पोट उतरवायला मी बसले नव्हते. चौथा पुरुष होता. त्याच्याकडे वजनकाटा होता, तो प्रत्येक गोष्ट तोलून टाकत होता, त्यामुळे मला जरा धीर आला. पण भिजवायचं-आंबवायचं सोडून त्यानं खायचा सोडा टाकला आणि पाच मिनिटांत आंबील तयार म्हणून हसला. असल्या माणसाच्या काट्याचं काय करायचं?

लिहिलेल्या कृती वाचाव्या म्हटलं, तर दोन ओळी वाचल्या की मधेच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. ती बोटानं बाजूला सारायला जावं तर नेमकी तीच उघडते. एका ठिकाणी ज्वारी वीस मिनिटं भिजवा असं लिहिलं होतं. वीस मिनिटांत ज्वारी नीट ओलीसुद्धा होत नाही. पण तेच वाक्य, त्याच चुकीसकट, मला आणखी चार ठिकाणी सापडलं. एकीनं चुकायचं आणि बाकीच्यांनी ते मुकाट उतरवून घ्यायचं. एका कृतीत चार चमचे मीठ होतं. मी हरखून गेले. मग लक्षात आलं, की चमचा कोणता ते लिहिलेलंच नाही. चहाचा, पोह्यांचा की वाढायचा?

आणि सगळ्यांत जास्त राग आला तो आपल्याकडच्याच एका बाईचा. ती बोलायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. भाषा आमची, चाटू आमचा, मागं भिंतीला टेकवलेलं सूप आमच्यासारखं. ज्वारी ओलवली, भरडली, ताकात घातली, सगळं बरोबर. मी मान डोलवत होते. मग तिनं मिठाचा डबा उघडला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अन् आता मीठ आपापल्या चवीनुसार.” खाली लोकांनी लिहिलेलं निकितानं वाचून दाखवलं. कोणा एकीनं अगदी माझाच प्रश्न विचारला होता, की ताई, नैवेद्य चाखता येत नाही, तर मीठ नेमकं किती टाकायचं? त्याला त्या बाईचं उत्तर होतं दोन जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल.

मी हात टेकले, पण हार मानली नाही. नैवेद्याच्या आधी करून पाहायची ती काही नैवेद्याची नव्हे, तेव्हा ती चाखायला कोणाची हरकत? रोज लहान गंजात आंबील करायची, चाखायची आणि माप पक्कं करायचं, असं ठरवलं. पहिल्या खेपेला अळणी. दुसऱ्या खेपेला नेमकी जमली. तिसऱ्या खेपेला त्याच वाटीनं तीच ज्वारी आणि तेच मीठ घातलं, तर खारट लागली. का, तर त्या दिवशी ताक आंबट नव्हतं. म्हणजे मापाचं माप ताकाच्या हातात. त्यातून मोठ्या गंजाला मीठ त्याच हिशेबानं वाढवायचं की कमी ठेवायचं, यावर मोबाइलवरच्या दोन बायकांचं एकमत नव्हतं. दोघींनीही आपलं शंभर टक्के बरोबर असल्याचं ठासून सांगितलं होतं.

निकिताचे बाबा फवारणीहून थकून यायचे आणि ताटात आंबील बघायचे. पहिल्यांदा त्यांनी कौतुक केलं. मग एका संध्याकाळी म्हणाले, “आज बी आंबीलच का? मी का आजारी हावो?” मी त्यांना सांगितलं, की तुमच्या घरच्या महालक्ष्म्या आहेत, तेव्हा तुम्हीच खा. ते जेवले आणि फवारणीचा पंप बिघडल्याचं निमित्त करून बाहेर पडले.

तो पंप दुसऱ्या दिवशी आणायला मी गेले. आमच्या समोरच्या बाजूला जब्बारभाईंचं दुकान आहे, पंप आणि इंजिनं दुरुस्त करतात. दुकानाला लागूनच घर. त्यांची बायको आयशाबी दारात बसून मेथी निवडत होती. तिला पाहिलं आणि मला एकदम सुचलं. ही बाई रमजानचा अख्खा महिना उपाशी पोटी रांधते. पाण्याचा थेंब तोंडात नाही, पण संध्याकाळी आमच्याकडे वाटीभर काही पाठवते त्याचं मीठ कधी चुकलं नाही. मी खालीच बसले आणि तिला सगळं सांगितलं. मोबाइलवरच्या बायकांसकट.

आयशाबी हसून हसून लाल झाली. मग म्हणाली, “आमच्यात एक सूट हाये, भाभी. आमच्या मोठ्या बायका सांगत. नवरा लय तापट असंल, मिठापायी ताट फेकनारा असंल, तं बाईनं जिभीच्या शेंड्यावर ठेवून पाहावं अन् थुकून टाकावं. रोजा मोडत नाई.”

मी विचारलं, की म्हणजे तू चाखतेस?

“कुठली वं,” आयशाबीनं दुकानाकडे मान वळवली. जब्बारभाई आमच्या पंपाच्या नळीत फुंकर मारून बघत होते. “यायनं आजवर कोंबडीले हाड म्हटलं नाई. मले ते सूटच लागू होत नाई.”

जब्बारभाईंनी ऐकलं आणि नळीतच हसले. मग करतेस काय, असं मी कळवळून विचारलं. तर ती आपली मीठ थोडं कमीच टाकते आणि मीठदाणी दस्तरखानावर, ताटांच्या मधोमध, ठेवते. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला. मीठदाणी ठेवायची सोय असती तर मी कशाला टाकीजवळ चढले असते? पंप घेऊन मी घरी आले, तो पाय आपटतच.

नैवेद्याच्या दिवशी विमलताई सकाळच्या गाडीनं आल्या. पिशवी कोपऱ्यात ठेवली, मुखवट्यांना हात जोडले, वर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्यांवरून नजर फिरवली आणि काही बोलल्या नाहीत. काही न बोलता विमलताई पुष्कळ बोलतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मग त्या माजघरात भिंतीला टेकून बसल्या. चंदाबाईंच्या घरचा नैवेद्य संध्याकाळी असतो, म्हणून त्या आणि त्यांची नवी सून आमच्याकडे पुरण वाटत होत्या, निकिता पत्रावळी पुसत होती. मी न्हाऊन, धुवट पातळ नेसून पहाटेपासून चुलीपाशी.

आंबिलीची वेळ झाली तेव्हा मी उभी राहिले आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. खरं सांगते, मला ते सांगताना फार बरं वाटलं. सगळ्या बाहेर गेल्या आणि मी दार ओढून घेतलं. कडी लावायची असते, हे मला सुचलंच नाही. त्या दाराची आतली बाजू मी आंबिलीच्या वेळी कधी पाहिलीच नव्हती.

मोठ्या गंजात ज्वारी फुगून आली होती आणि जाड बुडबुडे फुटत होते. मोबाइल फळीवर उभा केला होता, त्या दिवशी कधी नव्हे ती तिथंही रेंज आली होती. आमच्या बोलीतली ती बाई पुन्हा सुरू केली, निदान सोबत म्हणून. एक मूठ मीठ टाकलं. ढवळलं. मग आठवलं, की आजचं ताक चंदाबाईंच्या घरचं, ते नेहमीच जास्त आंबट असतं. दुसरी मूठ घेतली, त्यातली अर्धी परत डब्यात सोडली, उरलेली टाकली. की अर्धी टाकली आणि उरलेली सोडली? तेवढ्यात ओट्यावरून बापूजींनी विचारलं, की आरतीला किती वेळ आहे. फळीवरची बाई म्हणाली, मीठ आपापल्या चवीनुसार. आणि तिच्यामागोमाग गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली.

मी मोबाइल उचलला, कणकेच्या डब्यात टाकला आणि वरून झाकण घट्ट लावलं. आतून तेलाची जाहिरात ऐकू येतच होती.

आता गंज होता आणि मी होते. आत किती मीठ पडलंय ते मला ठाऊक नव्हतं. बाहेर सारी भावकी, ओट्यावर बापूजी, भिंतीशी विमलताई. एका चुकीच्या मुठीवर महालक्ष्म्या यवतमाळला जाणार होत्या. मला रडू येत होतं आणि रडूपेक्षा राग जास्त येत होता. त्या रागात मला आयशाबीची सूट आठवली. तापट माणसाच्या घरातल्या बाईला सूट असते. आमच्या घरात तर दोन तापट माणसं, एक बापूजी आणि दुसरी मी. मनातल्या मनात मी महालक्ष्म्यांची माफी मागितली, चाटूच्या टोकावर थोडी आंबील घेतली, फुंकर मारली आणि जिभेवर ठेवली.

दार उघडलं. विमलताई उभ्या होत्या.

चाटू माझ्या तोंडाशी होता. ओठाला ज्वारीची कणी चिकटलेली मला कळत होती. त्यांनी फक्त मान वळवून ओट्याच्या दिशेनं एक शब्द टाकायचा होता, की सगळं संपलं असतं. आंबील गायीपुढे, मी न्हाणीपाशी, आणि महालक्ष्म्या माडीवर.

विमलताईंनी मान वळवली. बाहेर पाहिलं. मग आत आल्या, दार लावलं आणि कडी सरकवली.

“कडी तं लावाव वं,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “दुसरं कोनी आलं असतं म्हंजे?”

त्यांनी माझ्या हातातून चाटू घेतला, तळहातावर आंबिलीचे चार दाणे टाकले आणि चाटले. डोळे मिटले, जीभ टाळूला लावली. “कमी हाये,” म्हणाल्या. डब्यातून मीठ घेतलं, गंजात सोडलं, दोनदा ढवळलं, पुन्हा तळहातावर घेतलं. “हां. आता बरोबर.”

“तुमी चाखता?” माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

“मंग? एवढ्या गंजाचं मीठ न चाखता कोनाले समजते?”

“अन् अंदाज?”

“हाच अंदाज,” त्या म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळं विसरले, बाहेर माणसं आहेत हेही. इतकी वर्षं मी त्या दाराबाहेर बसले होते. मला वाटायचं आत काही मंत्र आहे, काही माप आहे, जे माझ्यासारखीला सांगायचं नाही. “एवढ्यासाठी मले बाहेर बसवलं?” मी म्हटलं. “एवढ्यासाठी?”

“हळू बोल,” विमलताई चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता बोलत राहिल्या. सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी, माझ्या लग्नाच्या आधी, त्यांनी आंबील न चाखता केली होती, सांगितल्याबरहुकूम, अगदी जीव मुठीत धरून. ती खारट झाली. बापूजींनी सगळ्या भावकीसमोर पान सारून दिलं. विमलताईंचे वडील पंगतीत होते, तेही मान खाली घालून उठले. पुढच्या वर्षी त्यांनी दाराला कडी लावली आणि चाखली. त्या वर्षी सगळे बोटं चाटत उठले. “तवा माह्या ध्यानात आलं,” त्या म्हणाल्या, “का सासूबाई बी दार कायले लावत जाय. मले त्यायनं कधी सांगतलं नाई. मी तुले सांगतलं असतं तं? तुह्या तोंडात तीळ भिजत नाई.”

हे खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. पण त्या वाकून आंबिलीत खोबऱ्याचे काप टाकत होत्या आणि दर खेपेला मान वळवून कडीकडे बघत होत्या. इतकी वर्षं त्या या कडीमागं एकट्याच भीत उभ्या असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी दुसऱ्या बाजूनं गंज धरला आणि आम्ही दोघींनी तो खाली उतरवला.

आरती झाली. नैवेद्य दाखवला. पुरुषांची पंगत बसली. बापूजींनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास आंबिलीचाच घेतला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ते सावकाश चावत राहिले, अख्खी पंगत त्यांच्याकडे बघत राहिली.

“न चाखता इतकं नेमकं मीठ,” ते शेवटी म्हणाले. “देवीनं हात धरल्याबिगर पडत नाई. राहू द्या महालक्ष्म्या इथंच.” मग दुसरा घास घेऊन म्हणाले, “विमलच्याच हातची वाटून राह्यली.”

आता यावर मी आनंद मानायचा की कपाळ बडवायचं, ते कोणीतरी मला सांगावं. मी आत गेले आणि एक रिकामा गंज उगाच एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवला. मग डोळे पुसले. महालक्ष्म्या राहिल्या होत्या.

पुरुष जेवून ओट्यावर पानसुपारीला गेले आणि आम्हा बायकांची पंगत बसली. विमलताई तूप वाढत होत्या. निकिता आपला मोबाइल शोधत घरभर फिरत होती, तिला मी नंतर सांगते म्हणून बसवलं. चंदाबाईंची नवी सून माझ्या शेजारी होती. तिनं आंबिलीची वाटी संपवली, बोटं चाटली आणि विचारलं, की काकू, आमच्याकडे पुढच्या वर्षीपासून आंबील माझ्याकडेच येणार आहे, तर मोठ्या गंजाला मीठ किती टाकता? तिनं मोबाइल काढून पुढं धरला होता, माझं बोलणं त्यात भरून घ्यायला.

सगळ्यांनाच ऐकायचं होतं. तुपाची धार मधेच थांबलेली मला दिसली.

“असं काई माप नसते वं,” मी म्हटलं. “चवीनुसार.”

शब्द तोंडातून गेला आणि मी चपापले. पोरीचा चेहरा पडला. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता, तो मी टाकीजवळ उभी राहून रोज केला होता. तिनं मोबाइल खाली ठेवला आणि पानाकडे बघत पुटपुटली, “सांगायचं नसंल तं नोका सांगू.”

मला तिचा राग आला नाही. मला तिच्या जागी मीच दिसले, आणि माझ्या जागी मोबाइलमधली ती बाई. ती तरी काय करणार होती? तिच्याही घराच्या ओट्यावर कोणी बापूजी बसले असतील.

“पुढच्या साली आंबिलीच्या वक्ताले इकडं ये,” मी तिला म्हटलं. “आत घेईन तुले.”

चंदाबाईंचा घास हातातच राहिला. आंबील एकटीनं करायची असते, तिला नजर लागते, हे त्यांनी मला सगळ्यांसमोर ऐकवलं. मी काही बोलायच्या आत विमलताई त्या पोरीच्या पानापाशी आल्या आणि तिच्या पोळीवर तूप सोडलं, जरा जास्तच.

“येऊ द्या तिले,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “अन् निकिताले बी. कडी मी लावीन.”